चिंबोरी बसली की हात घालायचा

आते, आधी माफी मागतो. तुझ्याबद्दल लिहिण्याचा मान माझा नाही. बाळादादा तुझा मुलगा, बाबा तुझे सख्खे भाऊ, संगीता वहिनी शेवटचे दोन दिवस तुझ्या उशाशी बसून होती. मी तुझा भाचा, महिन्यातून दोनदा उल्हासनगरहून येणारा आणि तुझ्या झेंडूच्या ओळी तुडवून जाणारा. पण आपल्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी एकटाच. म्हणून तेराव्याच्या दिवशी सकाळीच बाबा म्हणाले, "तू लिही तिच्यावर कायतरी. कॉलेजच्या अंकात छापतील. तिचं नाव राहील." मी हो म्हणालो. तेव्हा मला माहीत नव्हतं की दुपारपर्यंत मला काय कळणार आहे. ते कळल्यावर खरं तर हा कागद मी फाडायला हवा होता.

मला सुंदर लिहिता येत नाही. मी प्रॅक्टिकलच्या वहीसारखं लिहितो. काय केलं, काय दिसलं. चुकलं तर तू नेहमीसारखी हसून सोडून दे.

एकच गोष्ट मला इथे सांगायची आहे. तू गेल्यापासून गावात आणि घरात सगळे म्हणतायत की तुला दसऱ्याच्या भावाची हाव नडली. औषध मारून तीन दिवस झाले नाहीत तर बाई फुलं तोडायला शिरली. बाळादादासुद्धा दवाखान्याच्या पायरीवर बसून हेच म्हणाला, आणि मग रडला. मी तिथे उभा होतो. मला पटत नव्हतं. कारण औषध मारलेल्या झेंडूत कधी हात घालायचा याचा तुझा एक नियम होता आणि तो तू कधीच मोडला नव्हतास. तो नियम तू मला मी आठ वर्षांचा असताना दाखवलास.

तुला आठवत असेल. बदलापूरच्या तुझ्या मळ्यामागे तेव्हा एवढे टॉवर नव्हते. मी झेंडूवर बसलेली मधमाशी पकडायला गेलो आणि ती उडालीच नाही. मी बोट लावलं तरी नाही. मी खूश होऊन तुला हाक मारली.

"आते, माशी झोपलीय बघ."

तू आलीस, खाली वाकलीस आणि माझा हात मनगटाला धरून मागे ओढलास. "झोपली नाय. नीट बग तिच्या मानंकडं."

मी बघितलं. आधी काहीच दिसलं नाही. मग फुलाच्या दोन पाकळ्या हलल्यासारख्या वाटल्या, आणि त्या पाकळ्या नव्हत्या, पाय होते. पिवळे, बाजूला पसरलेले, खेकड्यासारखे. त्या पायांच्या मध्ये माशीची मान होती. माशी बाहेरून जशीच्या तशी होती, पंखसुद्धा चकचकीत. आत काही उरलं नव्हतं.

"ही फुलातली चिंबोरी," तू म्हणालीस. "खाडीतली कालवणात जाते, ही कुठं जात नाय. जालं विनत नाय, पलत नाय. नुसती बसून रहाते. माशी आपल्या पायानं येते तिच्या तोंडात."

त्या दिवसापासून मी फुलाचा वास घेण्याआधी फूल उलटं करून बघतो. आजही. कॉलेजात मुलं हसतात.

मग तू नियम सांगितलास. तो तुला तुझ्या सासऱ्यांनी दिला होता. त्यांना वाचता येत नव्हतं, तुलाही येत नव्हतं. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते दुकानदार सांगेल तेवढंच खरं, आणि दुकानदार एकदा एक सांगायचा, एकदा दुसरं. म्हणून तुमच्या मळ्यात बाटली बघायचीच नाही असं ठरलेलं होतं. औषध मारलं की चिंबोऱ्या मरतात किंवा पडतात. मग बांधावरच्या रानफुलांवरून नव्या हळूहळू येतात. कधी पाच दिवसांनी, कधी आठ. त्या आल्या आणि फुलावर राहिल्या की समजायचं फूल निवलं. तोपर्यंत ओळीत पाय टाकायचा नाही, पोरांना जाऊ द्यायचं नाही, देवाला एक फूलसुद्धा तोडायचं नाही.

"चिंबोरी बसली की हात घालायचा," तू म्हणालीस. "ती बसायच्या आदी नाय."

मला तेव्हा हे भीतिदायक वाटलं होतं. जी माशीला खाते, तिच्याच परवानगीने आपण फुलाला हात लावायचा. मी तसं तुला विचारलंही होतं, की ती वाईट आहे ना? तू म्हणालीस, "वाईट हाय, पन खोटं बोलत नाय."

हे वाक्य मला अलीकडे खूप वेळा आठवतं.

उल्हासनगरच्या कापड बाजारात तू हार द्यायला यायचीस तेव्हा मी शाळा सुटली की तुझ्याबरोबर फिरायचो. ते म्हातारे सिंधी दुकानदार, ज्यांना तू नुसतं साईं म्हणायचीस, त्यांच्या गल्ल्यावरच्या तसबिरीला रोज तुझाच हार लागायचा. एकदा हार घालताना त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर चिंबोरी पडली. ते खुर्चीतून अर्धे उठले.

"अरे बाई, ये क्या लायी है! सुबह सुबह भगवान के ऊपर मकड़ी?"

"मकड़ी नहीं साईं, वॉचमन है," तू म्हणालीस. "ये बैठी मतलब फूल साफ है. बिना वॉचमन का हार दूसरे से लो, फिर हात को खाज आयेगा तो मेरेकू मत बोलना."

"वॉचमन को पगार कौन देगा?"

"वो मक्खी खाता है. तुम्हारे दुकान में बहुत है."

सगळं दुकान हसलं. साईंनी ती चिंबोरी कागदावर घेतली आणि स्वतः बाहेर जाऊन तुळशीच्या कुंडीत सोडली. त्यानंतर हारात चिंबोरी नसली की तेच चिडवायचे, "आज वॉचमन छुट्टी पे है क्या?" आणि तू हार परत टोपलीत टाकून प्रत्येक फूल पुन्हा बघायला बसायचीस. त्यांची गंमत चालली होती. तू मात्र खरंच बघत होतीस.

म्हणून मला हाव हा शब्द सहन होत नाही. मी सहावीत असतानाचा दसरा कुणाला आठवत नाही का? त्या वर्षी तू औषध मारलंस आणि नंतर ढगाळ हवा पडली. दहा दिवस झाले तरी एक चिंबोरी ओळीत आली नाही. शेजारच्या मळ्यातले लोक टोपल्या भरून कल्याणला गेले. बाळादादा तुझ्यावर ओरडला, बाबांनी समजावलं. तू बांधावर पायावर पाय टाकून बसलीस. दसरा झाला. फुलं झाडावरच काळी पडली आणि तू ती विळ्याने कापून खड्ड्यात टाकलीस. आमच्या घरी त्या दसऱ्याला दाराला तोरण नव्हतं. आई म्हणाली, फुलवालीच्या भावाच्या दाराला तोरण नाही, लोक काय म्हणतील. तू म्हणालीस, "लोक हात लावून बघू देत."

अशी तू. मग या वर्षी तिसऱ्या दिवशी का शिरलीस? तेरा दिवस मी हाच एक प्रश्न घेऊन फिरत होतो.

आता माझा भाग.

मी प्राणिशास्त्र घेतलं, त्याला कारण तू आहेस, हे मी तुला कधी सांगितलं नाही. लाज वाटायची. शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. बाकीच्यांनी कासव, पक्षी, डास असलं काही घेतलं. मी मॅडमना भीत भीत म्हणालो की माझ्या आत्याच्या मळ्यात फुलावर खेकड्यासारखे कोळी असतात. मॅडमना इतका आनंद झाला की मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. त्यांनी सांगितलं की यातल्या काही जातींची मादी पांढऱ्याची पिवळी होऊ शकते, फुलाच्या रंगासारखी. एका दिवसात होत नाही, बरेच दिवस लागतात. आपल्याकडच्या होतात का ते बघ.

मी हे तुला सांगितलं तेव्हा तू फवारणीचा पंप धूत होतीस. म्हणालीस, "रंग बदलते? एवडे वर्स मी बघते, मना वाटलं पिवली वेगली, पांढरी वेगली." आणि मग हात थांबवून म्हणालीस, "म्हंजे खोटं बोलते की रे ती."

पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी यायचो. ज्या झाडावर चिंबोरी दिसेल त्याच्या दांडीला लाल दोरा बांधायचो, म्हणजे पुढच्या वेळी तीच झाडं बघता येतील. तुझ्या हाराच्या रिळातलाच दोरा. तू कुरकुर करायचीस की मळ्याला राखी बांधतोय म्हणून, पण तोडणीच्या वेळी ती झाडं सोडायचीस. संगीता वहिनीला सांगायचीस, "लाल दोऱ्याला हात नको, तिकडं कालेज चाललंय."

आपलं भांडण मात्र चालूच होतं. मी बाटलीवरचं वाचून दाखवायचो. सात दिवस थांबा, हातमोजे घाला, तोंडावर फडकं बांधा. मी म्हणायचो, आते, चिंबोरीचा काय भरवसा, ती काय मशीन आहे का. एखादी जात विषाला दाद देत नसेल तर? तू म्हणायचीस, "तुजी बाटली कोन लिवतो? जो विकतो तोच ना? चिंबोरीला कायतरी विकायचं हाय का?" मी म्हणायचो, मग औषधच मारू नको, चिंबोऱ्याच अळ्या खातील. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. "अरे येड्या, ती अळी खात नाय, ती माशी खाते. तू कालेजात जातोस का कुटं जातोस?"

तुझं बरोबर होतं. मी पावसाळाभर मोजलं. माश्या, मधमाश्या, दोन फुलपाखरं. अळी एकही नाही. हे तुला कबूल करायचं राहिलं. मी वहीत लिहिलं आणि तुझ्यापासून वही लपवली.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात कळ्यांना अळी लागली. रविवारी सकाळी तू स्वतः पंप पाठीला लावलास, कारण बाळादादाला अंबरनाथला एमआयडीसीत शिफ्ट होती. तू दोन औषधं मिसळलीस. एक तुझं, एक शेजारच्या मळ्यातलं उरलेलं. हे मला नंतर कळलं. त्या रात्री जेवणाच्या वेळी मी फोन केला तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "मारलं. आता बगू. चिंबोरी बसली तर बुदवारी तोडू, नाय बसली तर दसरा गेला."

"तीन दिवसांत कशी बसेल आते?"

"नाय बसनार," तू म्हणालीस. तुझा आवाज शांत होता. "नाय बसली तर नाय."

मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात तुझा दसरा नव्हता. माझ्या डोक्यात माझा प्रकल्प होता. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांत तो द्यायचा होता आणि रंग बदलण्याचा भाग राहिला होता. आमच्या वस्तीमागे तगरीची झाडं आहेत. तिथून मी आठवडाभर पांढऱ्या चिंबोऱ्या गोळा केल्या होत्या, सगळ्या माद्या, एकेका बाटलीत एकेक. नऊ होत्या. त्यांना पिवळ्या फुलांवर सोडायचं होतं आणि पिवळी फुलं तुझ्याकडे होती. औषध मारलेली होती हे मला ठाऊक होतं. सात दिवसांचा हिशेब तुला तोंडपाठ म्हणून दाखवणारा मीच.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मी मळ्यावर आलो. तू उल्हासनगरला साईंकडे गेली होतीस, वहिनी नळावर. ऊन कडक होतं. मी ओळीच्या टोकाला उभा राहून वास घेतला. वास नव्हता. दोन दिवस झालेत, ऊन आहे, उडून गेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगतो, मला तेव्हाही बरं वाटत नव्हतं. मळ्यात एक माशी नव्हती. झेंडूच्या मळ्यात दुपारी जो एकसारखा गुणगुण आवाज असतो तो नव्हता. टॉवरवरच्या कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज ऐकू येत होता, इतकं शांत. ओळीच्या खाली वाकलो तर माती­वर दोन जुन्या पिवळ्या चिंबोऱ्या पडल्या होत्या, पाय पोटाशी घेतलेल्या. मी त्या चिमट्याने उचलून बाटलीत घातल्या आणि वहीत लिहिलं, मृत, दोन.

आणि तरी मी माझ्या नऊ सोडल्या. लाल दोऱ्याच्या झाडांवर, म्हणजे शोधायला सोप्या. काठावरच्या ओळीत, जिथून तू रोज सकाळी चालत यायचीस. एकेकीला ब्रशने फुलावर उतरवलं. त्या दोन पावलं बाजूला सरकल्या, पुढचे पाय पसरले आणि बसल्या. पांढऱ्या, पिवळ्यावर अगदी उठून दिसत होत्या. कुणालाही लांबून दिसल्या असत्या.

मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस की मारलेल्या ओळीत शिरलास कसा. मला वाटलं, दसऱ्याला येईन तेव्हा गंमत म्हणून सांगू. तोपर्यंत एखादी पिवळी झाली असेल. तुला दाखवीन की ही बघ तुझी खोटारडी.

बुधवारी मला कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. फोन बॅगेत बंद होता.

बुधवारी तू पहाटेपासून दुपारपर्यंत फुलं तोडलीस. उघड्या हाताने, नेहमीसारखी. बांधावर बसून भाकरी खाल्लीस. मग घरी येऊन हार ओवायला बसलीस, दोऱ्याचं टोक दातात धरून. तुझी ती सवय. संध्याकाळी तुला घाम सुटला, तोंडाला पाणी सुटायला लागलं, उलट्या झाल्या. वहिनीला वाटलं ऊन लागलं. रिक्षाने दवाखान्यात नेईपर्यंत तुला श्वास घेता येत नव्हता. मी गुरुवारी आलो. दसऱ्याचा दिवस, दवाखान्याच्या दारालासुद्धा झेंडूचं तोरण होतं. तू मला ओळखलंस की नाही माहीत नाही. तुझ्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. मी तुझा हात धरला, त्याला अजून झेंडूचा वास होता. तू ओठ हलवलेस, पण नळी होती.

शुक्रवारी सकाळी तू गेलीस.

डॉक्टर म्हणाले, फवारणीचं औषध अंगात गेलं. हेही म्हणाले की हे एका दिवसाचं नसेल, वर्षानुवर्षं थोडं थोडं साठलं असेल, आणि या वेळी मिश्रण जास्त होतं. बाबांनी हे वाक्य घट्ट धरून ठेवलंय. ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, वर्षानुवर्षं साठलं होतं. मला ते धरता येत नाही.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी मळ्यात गेलो. चिंबोऱ्या बघायला गेलो असं मी स्वतःलाही म्हणालो नाही, पण पाय लाल दोऱ्यांकडेच गेले. ती झाडं तू न तोडता सोडली होतीस, आजूबाजूची सगळी रिकामी. सहा चिंबोऱ्या खाली मातीत होत्या. दोन सापडल्या नाहीत. एक अजून फुलावर होती, पुढचे पाय पसरलेले, शिकार धरायला बसतात तशी. मी वाकलो, फुंकर मारली. ती हलली नाही. ब्रश लावला तेव्हा ती वाळलेल्या पाकळीसारखी घरंगळली. किती दिवस ती तशी बसली होती, कुणास ठाऊक. कुणी वरून बघितलं असतं तर जिवंतच वाटली असती.

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काहीतरी आलं. मी ते पुढे जाऊ दिलं नाही. मी स्वतःला समजावलं की तू एवढी बारीक नजरेची बाई, पांढरी चिंबोरी पिवळ्या फुलावर बघून तुला कळलं असतंच की ही आपल्या मळ्यातली नाही. मग आठवलं, रंग बदलतात हे तुला मीच सांगितलं होतं.

तरी मला खात्री नव्हती. तू काही न बघता घाईने शिरली असशील, लोक म्हणतात तसं. आते, मी किती नीच आहे बघ. ते तेरा दिवस मी तुझी बाजू घेत होतो आणि आतून देवाला सांगत होतो की लोक म्हणतात तेच खरं असू दे. तू हावरी असू दे.

तेराव्याला पंगती उठल्या. बाबांनी सकाळी लिहायला सांगितलंच होतं, म्हणून मी वही घेऊन मागच्या पडवीत बसलो होतो. तुझं नाव वर लिहिलं होतं आणि पुढे काही सुचत नव्हतं. संगीता वहिनी मोठी पातेली घासत होती. तिने माझ्याकडे बघितलं, राखेचे हात तसेच ठेवून थांबली.

"अरे, तुला सांगायचंच राहिलं रे," ती म्हणाली. "आईंचा निरोप होता तुला. बुधवारचा. मी दोनदा फोन लावला, तुझा बंद होता. मग संध्याकाळी हे सगळं झालं आणि डोक्यातूनच गेलं. आत्ता तुझी वही बघितली नि आठवलं."

मी विचारलं, काय निरोप.

"पहाटे मळ्यातून पळत घरी आल्या. मी चहा ठेवत होते. इतक्या खूश, मला वाटलं काय झालं. टोपल्या काढ म्हणाल्या. मी बोलले, अहो आई, आज तिसराच दिवस, एवढ्यात कसं? तर म्हणाल्या, मी काय येडी हाय का, बगून आले मी. आणि मला बोलल्या..."

वहिनीने तुझा आवाज काढला. तिला चांगला जमतो, आपण सगळे हसायचो.

"'आदी त्या कालेजवाल्याला फोन लाव. बोल त्याला, तुज्या लाल दोऱ्याच्या झाडांवर चिंबोऱ्या बसल्यान. नऊ. मी मोजल्या. तीन दिसांत कवा नाय आल्या त्या आल्यान. पांढऱ्या हायेत, आता पिवल्या होतील बोल. लय खूश होईल पोरगा.'"